रकाना चौदा

निपाणीच्या कचेरीसमोर, चिंचेखाली
माझं टायपिंगचं टेबल.
डाव्या हाताला कन्नड, उजव्या हाताला मराठी,
मध्ये मी आणि डिंकाची बाटली.

तवनाप्पा चौगुले मंगळवारी आला,
टोपी काढून, जशी कोर्टात काढायचा.
"सरकार परवाना द्यालंय म्हणं, नव्या पैजांचा.
माझा अर्ज भर."

मसुदा एकोणचाळीस पानांचा.
पुढचा चेंडू वाईड पडेल का,
पुढच्या चढाईत कोण बाद,
नाणेफेक हरलेला कप्तान हसेल का,
यातल्या कशावर पैसे लावायचे, कशावर नाही
ते कलम तीन-अ सांगतं.
तीन-ब सांगतं,
शंका आल्यास आयुक्त ठरवतील.
तवनाप्पा म्हणाला, "म्हंजे त्यो बी अंदाजच की."

अनुभव, वर्षांत:
त्यानं पिशवीतनं प्लास्टिकची पुडी सोडली.
दंडाच्या पावत्या, अकरा,
ठाण्याच्या शिक्क्यासह, तारीखवार.
"सरकारनंच दिल्यात. ह्याच्याहून खरा दाखला कुठला?"
मी झेरॉक्स काढल्या.
साक्षांकित कोण करणार, ते विचारलं नाही.

व्यवसायाचे ठिकाण:
तंबाखूच्या वखारीमागं,
जिथं उभा राहिलेला माणूस
घरी बायकोला वासावरनं कळायचा.

अनामत: पन्नास लाख.
इथं तो जरा वेळ चिंचेकडं बघत बसला.
"बरं. फुडं वाच."

त्याचा पुतण्या भरतेश गाडीवरच बसून होता.
त्याच्या फोनवर येतं:
हा खेळ तुमच्या राज्यात उपलब्ध नाही.
मग पोरं कोगनोळीचा नाका ओलांडतात,
उसाच्या कडेला गाड्या लावतात,
फोन वर धरून उभी राहतात
निळा ठिपका पलीकडं सरकेपर्यंत.
त्या पलीकडंसाठी माझ्या वडलांनी
मोर्च्यात खांद्यावर लाठी घेतली होती,
मरेपर्यंत तो हात पुरता वर गेला नाही.
भरतेश शंभराचं पेट्रोल घालतो
आणि पॉवरप्ले संपायच्या आत जाऊन येतो.
(हे अर्जात नाही. हे मी उगाच लिहिलं.)

रकाना चौदा:
ग्राहकाने आता थांबावे, हे आपण कसे ओळखाल?
दोनशे अक्षरांत.

"चपलंकडं बघायचो," तवनाप्पा म्हणाला.
"चिठ्ठी लिवताना मान खाली असती,
तोंड दिसत न्हाई, पाय दिसत्यात.
अंगठा शिवून आणला, चालतंय.
तारेनं बांधला, तरी एकदा लिवायचो.
अनवाणी आला की पेन खिशात.
शिव्या खाल्ल्या. एकानं दगड घातला, ही बघ खूण.
आता त्या फोनातनं
कोण बघालंय ह्या पोराची चप्पल?"

मग बराच वेळ गप्प.
मग, मी न विचारताच:
"उपाध्ये मास्तर बूट घालून यायचा.
रोज पॉलिश. शेवटच्या दिवशी बी पॉलिश.
त्याचं मला कळलं न्हाई."

मी कन्नडात उतरवू लागले.
चपलेला शब्द होता, तारेला होता,
अनवाण्याला बरिगालु, तोही बसला.
मास्तरांच्या बुटापाशी
दोनशे अक्षरं संपली.

माझे तीस रुपये त्यानं सुटे मोजून दिले.
"उत्तर येतंय का न्हाई, लावतीस?"
मी म्हटलं, येईल. नामंजूर म्हणून, पण येईल.
दहा रुपये.

एका पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर
त्यानं तारीख घातली, आकडा घातला,
आणि सही करायच्या आधी
वाकून, टेबलाखाली,
माझे पाय बघितले.
मग चिठ्ठी दिली.